उंबऱ्याला चाक न लावता

सोलापूरहून परत येणारा माणूस चादर घेऊन येतो. मीही आणली. पण चादरीबरोबर जो राग आणला तो अजून कुठे ठेवता आलेला नाही. चिपळूणच्या बाजारात भेटेल तो विचारतो, "काय सर, सोलापूर कसं काय?" आणि मी "ऊन फार" म्हणून सटकतो. ऊन होतंच. पण उन्हाचा राग घरी येऊन आंघोळ केली की जातो. हा तीन आठवडे झाले तरी जात नाही, म्हणून शेवटी लिहायला बसलो.

जायचं कारण आधी सांगतो. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. तीस वर्षं मुलांना कानस धरायला शिकवलं, आता निवृत्त आहे. सोलापूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने रोबोंची स्पर्धा ठेवली होती आणि तीन परीक्षकांत मला बोलावलं होतं. रोबो म्हणजे सिनेमातला लोखंडी माणूस नव्हे. चपलांच्या खोक्यात मावेल एवढी गाडी, खाली दोन किंवा चार चाकं. सपाटीवर धावायचं, आणि वाटेत अडथळा आला की वळसा न घालता त्याच्यावरून उडी मारून पलीकडे जायचं. जो जास्त अडथळे पार करील तो पहिला.

बक्षीस मला फार आवडलं होतं. पहिल्या येणाऱ्याला वर्षभर कॉलेजची कार्यशाळा खुली. लेथ, मिलिंग, थ्रीडी प्रिंटर, हवं ते वापरा, हवं ते बनवा. वयाची अट पंचविशीपर्यंत, शिक्षणाची अट नाही. माझ्या आयटीआयच्या पोरांना असं दार कधी कुणी उघडलं नव्हतं. शिवाय नियमावली ठरवताना त्यांनी माझं मत मागवलं होतं, मी ते दिलं होतं, आणि 'आपल्या सूचना मान्य केल्या आहेत' असं पत्र आलं होतं. ते मी खिशात घालून फिरत होतो. म्हातारपणी माणसाने खिशात काय घालून फिरावं याला काही मर्यादा असावी.

जेऊर ते कुर्डुवाडी

पुण्यात मुलाकडे एक मुक्काम केला. त्याच्या फ्लॅटमध्ये जमीन झाडणारं गोल यंत्र आलं आहे. ते आपलं आपण खोल्याखोल्यांतून फिरतं आणि बोटभर उंचीचं काही आडवं आलं की तिथेच गुरगुरत बसतं. म्हणून मुलाने आतल्या सगळ्या दारांचे उंबरे काढून टाकले. "बाबा, आता कसं सपाट झालं बघा," म्हणाला. माझ्या आईने आम्हाला उंबऱ्यावर बसून कधी शिंकूसुद्धा दिलं नाही, आणि नातवाने उंबरेच उपटले. तरी मी कौतुक केलं. यंत्राची बाजू घ्यायची सवय जुनी आहे.

दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या गाडीत जेऊरला एक गृहस्थ चढले. उजनीच्या पाण्याकाठचं गाव, केळी आणि ऊस. पागोट्याच्या जागी गळ्यात टॉवेल, पायाशी केळ्यांचं पोतं. बसल्याबसल्या चौकशी सुरू झाली.

"कुटं निगालाव?"

मी स्पर्धेचं सांगितलं. उड्या मारणाऱ्या गाड्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"उड्या मारायच्या, पर कशापायी?"

मग मी त्यांना भविष्याचं सांगितलं. भूकंपात पडलेल्या इमारती, खाणी, चंद्रावरचे खड्डे, काही म्हणून ठेवलं नाही. गृहस्थ खिडकीबाहेर बघत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "आमच्या हितं पान्यापसनं मळ्यापत्तुर मोटारीचं पायप आडवं पडल्यालं असत्यात. धा-बारा तर असतील. आमची म्हातारी डबा घिऊन येती आन् रोज कुटं ना कुटं अडखळती. तुमची गाडी पायपावरनं डबा आनंल का, न सांडता?"

मला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अपमानही वाटला. मी चंद्रावर होतो आणि ह्यांनी मला डब्यापाशी आणून सोडलं. "त्यासाठी नसतं ते," मी म्हटलं. "मग कशासाटी असतं?" त्यांनी पुन्हा विचारलं, आणि कुर्डुवाडी आलं म्हणून माझी सुटका झाली. उतरताना त्यांनी माझ्या मांडीवर चार केळी ठेवली. केळी उत्तम होती. माणूस अडाणी आहे, असं माझं मत झालं होतं.

पूर्व भागातलं घर

सोलापूरला पोचलो तर कॉलेजच्या अतिथीगृहातली माझी खोली गेलेली. प्रमुख पाहुण्यांबरोबर जास्त माणसं आली होती म्हणे. पाहुणे उद्या बोलणार, त्यांची माणसं आज झोपणार, आणि परीक्षकाने कुठे जायचं, ते कुणी ठरवलंच नव्हतं. शेवटी मल्लिनाथ नावाचा कॉलेजचा शिपाई पुढे आला. "सर, टेन्शन घिऊ नका. वळखीचं घर हाय. वरची खोली रिकामी हाय." भर उन्हात मोटारसायकलवर, चाकांची बॅग मांडीवर घेऊन मी सोलापूरच्या पूर्व भागात गेलो. बॅगेला चाकं असूनही ती माझ्याच मांडीवर, याचा राग मी वाटभर मल्लिनाथवर काढला. तो "व्हय सर, व्हय सर" म्हणत राहिला.

घर तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबाचं. व्यंकटेश हे घरचे मालक, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. यंत्रमाग अडला की जो माणूस धावतो आणि कानाने रोग ओळखतो, तो जॉबर. त्यांची बायको अंबूबाई त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरते. मुलगी पद्मजा, वय पंचवीस, माझ्याच ट्रेडची, म्हणजे फिटर पास. तीही तिथेच, पण हेल्पर म्हणून. मुलीला जॉबर म्हणायची पद्धत अजून त्या शेडमध्ये नाही, असं व्यंकटेश म्हणाले. ते ज्या सहजपणे म्हणाले त्याचाही मला राग आला.

पण पहिला राग त्याआधीच आला होता, दारातच. मल्लिनाथने बॅग खाली ठेवली, मी ती ओढली, आणि चाकं उंबऱ्यावरून धाड धाड करत आत आली. अंबूबाई आतून येत होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे नाही, उंबऱ्याकडे पाहिलं. आत गेल्या, ओला फडका आणला, उंबरा पुसला, हळदीकुंकवाची बोटं पुन्हा लावली, आणि मग पाणी आणलं. घशाला कोरड पडलेली आणि ह्यांचं आधी लाकडाचं आदरातिथ्य. आमच्याकडे कोकणात आलेल्याला आधी गुळपाणी, मग बाकी सगळं. मी मनात नोंद केली.

जेवण मात्र भरभरून होतं. कडक भाकरी म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. ती तोडायची नसते, मोडायची असते. शेंगाचटणी, वर दही, चिंचेची आंबट आमटी आणि माझ्यापुढे भाताचं भलंमोठं पातेलं.

"कोकनातली मान्सं भाताबिगर उठत न्हाईत म्हनं," व्यंकटेश म्हणाले. "लावलाय तुमच्यासाटी. लाजू नका."

जेवताना मागच्या खोलीतून आवाज येत होता. घुर्र असा बारीक, मग ठक्, मग शांतता. पुन्हा घुर्र, ठक्. मी विचारलं, "काय चाललंय?" अंबूबाई म्हणाल्या, "पोरीचं काम." मी हात धुऊन त्या दाराशी गेलो तर पद्मजाने माझ्या तोंडावर दार लोटून घेतलं. "सर, आत पसारा हाय." तीस वर्षं फिटर मुलांना शिकवलेल्या माणसाला एक फिटर मुलगी पसाऱ्याचं कारण सांगते, हे मला अजिबात आवडलं नाही.

सभागृह

स्पर्धा दहाला होती. प्रमुख पाहुणे बाराला आले. तोवर वीस-बावीस स्पर्धक आपापली यंत्रं मांडीवर घेऊन बसले होते आणि बॅटऱ्या उतरू नयेत म्हणून सारखे सभागृहाबाहेरच्या एका प्लगपाशी रांग लावत होते. गारवा देणारी यंत्रं फक्त व्यासपीठाच्या डोक्यावर. मागे फलक, 'उद्याची झेप'. पाहुणे पाऊण तास झेपेवर बोलले आणि पहिली झेप सुरू व्हायच्या आत निघूनही गेले. आम्हा परीक्षकांना टॉवेल, श्रीफळ आणि एक काचेची वस्तू मिळाली. काचेची वस्तू कशाची प्रतिकृती आहे ते मला अजून कळलेलं नाही.

मैदान म्हणजे पंधरा फुटांची लाकडी पट्टी, तिच्यावर पाच आडव्या फळ्या. पहिली चार बोटं उंच, शेवटची वीतभर. प्रत्येक फळीच्या माथ्यावर पत्र्याची पट्टी, पट्टीखाली बटण. चाक पट्टीवर टेकलं की बटण दाबलं जायचं आणि पडद्यावरचा आकडा एकने वाढायचा. मागच्या वर्षी परीक्षकांवरून भांडणं झाली होती म्हणून यंदा मोजणी यंत्रावर सोपवली होती. वशिल्याला वाव नाही.

एकेक गाडी येऊ लागली. धाव घ्यायची, उडी मारायची, फळीच्या माथ्यावर आदळायची, तिथे चाकं फिरवत खरडायची आणि कशीबशी पलीकडे घसरायची. आकडा वाढायचा, टाळ्या पडायच्या. पुण्याच्या मुलांची गाडी सगळ्यात चांगली. चौथ्या फळीपर्यंत गेली. मुलं गुणी होती, त्यांच्यावर माझा राग नाही.

मग अकरावा क्रमांक पुकारला आणि पद्मजा पुढे आली.

मी उठून समन्वयकांना सांगितलं, "मी यांच्याकडे उतरलोय. मला आधी माहीत नव्हतं. ह्या क्रमांकाला मी बाजूला बसतो." समन्वयक चाळिशीतले, बोलायला मऊ. "सर, गुण आपण कुठे देतोय, यंत्र देतंय," म्हणाले. मी बसलो. दार का लोटलं गेलं ते आता कळलं. परीक्षकाला आधी दाखवायचं नाही, एवढी लाज त्या मुलीला होती, आणि मी तिला उर्मट ठरवून झोपलो होतो.

तिची गाडी दोन चाकांची. मागे शेपटासारखी एक पट्टी, पाठीवर डबा, डब्याला टॉवेलच्या तुकड्याचं झाकण. आत काय आहे ते मी लांबूनच ओळखलं. यंत्रमागात धोट्याला या टोकाकडून त्या टोकाला फेकायला एक दांडा असतो, कॅमचं, म्हणजे फिरत्या चकतीचं, पुढे आलेलं नाक लागलं की तो सणसणीत टोला देतो. पद्मजाने तोच टोला जमिनीकडे वळवला होता. लहान मोटार सावकाश स्प्रिंग ताणायची, घुर्र. नाक सुटलं की दांडा जमिनीला हाणायचा, ठक्. बापाच्या धंद्यातला टोला मुलीने उडीच्या कामाला जुंपला होता. नवं काही बनवायचं तर ते घरातूनच निघतं, हे मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो. करून दाखवणारी त्या दिवशी पाहिली.

गाडी निघाली. घुर्र, ठक्. पहिल्या फळीवरून दोन बोटं वरून गेली आणि पलीकडे उतरून चालू लागली. दुसरी. तिसरी. चौथी. वीतभर उंचीच्या पाचव्या फळीवरूनसुद्धा दोन बोटं वरून. कुठे खरड नाही, कुठे धडक नाही. डब्याचं झाकण हललं नाही.

पडद्यावर शून्य.

कारण चाक पट्टीला लागलंच नव्हतं. निवेदन करणारा मुलगा ध्वनिक्षेपकावर म्हणाला, "ओहो, झिरो," आणि सभागृह हसलं. पाच फळ्या डोळ्यांदेखत ओलांडून गेल्या आणि दोनशे माणसं पडद्याकडे बघून हसली. माझं डोकं फिरलं.

प्रत्येकाला दोन संधी होत्या. मी व्यासपीठावरून उतरलो. परीक्षकाने करू नये ते केलं, तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "स्प्रिंगचा स्क्रू दोन आटे सैल कर. चाक फळीला टेकेल. पाचच्या पाच मिळतील, वर्षाची कार्यशाळा तुझी."

व्यंकटेश शेजारीच होते. ते तिला तेलुगूत काही म्हणाले, मग माझ्यासाठी मराठीत, "फळीच हाय ती, देवाचा उंबरा न्हाय. ठेव की चाक."

पद्मजाने गाडी हातात घेतली. स्क्रूवर बोट ठेवलं. क्षणभर वाटलं, करते.

"नायना, फळी हाय ते तुमाला कळतंय, मला कळतंय," ती बापाला म्हणाली. "ह्या गाडीला कुटं कळतंय? हिला एकच उडी ठावं हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सर, उडायचं चुकत न्हाय माझं. मोजायचं चुकतंय तुमचं."

आणि तशीच पुन्हा सोडली. पाच फळ्या, दोन बोटं वरून, शून्य.

मी तरातरा समन्वयकांकडे गेलो. "हा गाढवपणाचा नियम कुणी लिहिला?"

त्यांनी शांतपणे फाइल उघडली. "सातवा नियम, सर. 'अडथळ्याच्या माथ्यावरील पट्टीस चाकाचा स्पर्श झाल्यासच अडथळा पार झाला असे समजावे.' ही आपलीच सूचना. पट्टीची आकृतीसुद्धा आपणच पाठवली होतीत."

खिशात पत्र होतंच. बाहेर काढायची गरज नव्हती. मला आठवलं, चिपळूणला जेवणाच्या टेबलावर बसून मी ती आकृती पेन्सिलने काढली होती आणि वर स्वतःवर खूश झालो होतो. अडथळ्याला न शिवता कुणी जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तीस वर्षं यंत्रं पाहिली, पण खरडत जाणारीच पाहिली, आणि नियम त्यांच्याच मापाने बेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मग नियम बाजूला ठेवा. आपण तिघांनी डोळ्यांनी पाहिलंय," मी म्हटलं. दुसरे परीक्षक म्हणाले, नियम म्हणजे नियम. तिसऱ्यांना गाडी पकडायची होती. आणि मी? मी पुढे काही बोललो नाही. ध्वनिक्षेपक माझ्यापासून चार हातांवर होता. तो हातात घेऊन 'नियम माझा, चूक माझी' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? सगळ्यांपुढे आपला गाढवपणा उघडा पडेल म्हणून मी टॉवेल मांडीवर घेऊन बसून राहिलो. पुण्याच्या मुलांचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्यासुद्धा वाजवल्या. आज लिहिताना सगळ्यात जास्त राग त्या टाळ्यांचा येतो.

संध्याकाळी घरी गेलो तर पानात पुन्हा भात होता. न विचारता लावलेला. शेवटी सांगून टाकलं, "तो नियम मी लिहिला होता."

"ठावं हाय," पद्मजा म्हणाली. "नियमांच्या कागदावर खाली नाव हाय की तुमचं."

"मग आधी हरकत का नाही घेतलीस?"

"घेतली की. महिन्याभरापूर्वी कॉलेजात जाऊन इचारलं, न शिवता गेलं तर कसं? ते हसले. म्हनले, न शिवता कोन जातंय?" तिने भाकरी मोडली. "मी म्हनलं, असू दे. परीक्षक हायत. डोळ्यानं बघतील की. डोळे हायत म्हनूनच बोलावत असतील."

मी म्हटलं, उद्या कॉलेजात जाऊन सांगतो.

"सांगा की. पन मी संगं येनार. माझ्यासमोर सांगा."

अक्कलकोट रोड

तिची कामाची पाळी दुपारी सुटायची, म्हणून सकाळी मीही त्यांच्याबरोबर कारखान्यात गेलो. एमआयडीसीच्या रस्त्यावर सकाळी सायकली आणि मोटारसायकली एकाच दिशेने जातात, डबे हँडलला. शेडमध्ये पाय टाकला आणि माझा आवाज मलाच ऐकू येईना. बत्तीस माग एकाच वेळी धोटे फेकत होते. त्या गदारोळात व्यंकटेश मान तिरकी करून उभे राहिले आणि तिसऱ्या रांगेतल्या एका मागाकडे चालू लागले. काय झालंय ते त्यांना दारातूनच ऐकू आलं होतं.

कांड्या भरायची खोली वेगळी, शेड वेगळी, मध्ये दोन दारं आणि दोन उंबरे. चांगले उंच, दगडी. पूर्वी पावसाचं पाणी आत यायचं म्हणून बांधलेले. अंबूबाई भरलेल्या कांड्यांची बुट्टी कमरेवर घेऊन दिवसभर हे दोन उंबरे ओलांडायच्या. गुडघे गेले. आता तिथे पद्मजाची गाडी आहे. डब्यात आठ कांड्या, वर टॉवेलचं झाकण. खोलीतून निघते, दारापाशी थबकते, घुर्र, ठक्, उंबऱ्याला न शिवता पलीकडे. पुन्हा एक दार, पुन्हा ठक्. शेडमधल्या बायका तिच्याकडे बघतही नाहीत; एकीने फक्त पाय बाजूला घेतला, मांजर आलं की घेतात तसा.

मी कांड्यांच्या खोलीत अंबूबाईंजवळ बसलो. तिथे जरा बोलता येत होतं.

"आदी ती चढून जायाची," त्या म्हणाल्या. "चाक उंबऱ्यावर, मग खाली. मी म्हनलं, असली गाडी असंल तर मी कांडी घालनार न्हाय तिच्यात. कारखान्याचा असला म्हनून काय झालं? उंबरा तो उंबराच. आत माग हायत. दसऱ्याला आमी त्याची पूजा करतो."

"मग?"

"मग काय. तीन महिने पोर बसली. कितीदा तरी कांड्या सांडल्या, सूत गुतलं. एकदा बी म्हनली न्हाय की अम्मा, तुझा हट्ट सोड."

माझ्या मुलाने यंत्रासाठी उंबरे काढले आणि मी कौतुक केलं. ह्या मुलीने आईच्या उंबऱ्यासाठी यंत्राला उडायला शिकवलं आणि मी तिला शून्य दिलं. गाडीतले ते केळीवाले गृहस्थ आठवले. कशापायी, एवढंच त्यांनी विचारलं होतं. सबंध स्पर्धेत, पाहुण्यांपासून परीक्षकांपर्यंत, हा प्रश्न कुणी एकालाही विचारला नाही.

तिला कार्यशाळा कशाला हवी होती तेही तिथेच कळलं. हे एकच यंत्र भंगारातल्या सुट्या भागांचं, हाताने कानसून केलेलं. त्यातलं कॅमचं नाक महिन्याभरात झिजतं. शेडमध्ये कांड्या वाहणाऱ्या आणखी अकरा बायका आहेत. एक वर्ष लेथ मिळाला असता तर अकरा गाड्या झाल्या असत्या, न झिजणाऱ्या.

दुपारी कॉलेजात गेलो. समन्वयकांनी चहा मागवला. मी पद्मजासमोर सगळं सांगितलं, एकही शब्द गाळला नाही. नियम माझा, तो चुकीचा, त्यामुळे जिने पाचही अडथळे पार केले तिला शून्य मिळालं.

"बरोबर आहे, सर," ते मऊ आवाजात म्हणाले. "पुढच्या वर्षी सातवा नियम बदलू."

"पुढच्या वर्षी मी सव्वीस," पद्मजा म्हणाली.

"हो का," ते म्हणाले. "वयाची अट आहे ना."

वरातीमागून घोडं आणायचं, आणि तेही नवरा म्हातारा झाला म्हणून परत पाठवायचं. मी टेबलावर हात आपटला. पुण्याच्या मुलांचं बक्षीस काढू नका, त्यांच्याबरोबर हिलाही आत घ्या. कार्यशाळेच्या दारातून दोन माणसं जात नाहीत का, असं विचारलं. ते म्हणाले, ठराव एकाचाच झालाय. मग मी तिथेच कागद मागून हाताने पत्र लिहिलं, खाली सही केली आणि पोच म्हणून शिक्का मारून घेतला. जाताजाता त्यांचा सत्काराचा टॉवेल आणि ती काचेची वस्तू त्यांच्याच टेबलावर ठेवली.

पद्मजाने टॉवेल उचलला. "हा आमच्या शेडचा हाय, सर. तिसऱ्या रांगेतला. हितं कशाला ठेवता?" काच तिने तशीच राहू दिली.

त्या पत्राला आज तीन आठवडे झाले. उत्तर नाही. शिक्का मारलेली प्रत माझ्याकडे आहे. जुनं पत्र फाडून टाकलं आणि आता ही खिशात असते. ज्यांना कॉलेजात ओळख आहे त्यांनी हे तिथे वाचून दाखवावं, म्हणूनही लिहितोय.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघायचं होतं. व्यंकटेशांनी चादर दिली, नको म्हणायची सोय ठेवली नाही. डब्यात धपाटे होते. पद्मजा कारखान्यात जायला निघाली होती. कॅमचं झिजलेलं नाक रात्री बदलून तिने गाडी पुन्हा तयार केली होती आणि एकदा बघावं म्हणून जिन्यापाशी खाली ठेवली. गाडी चालत दारापर्यंत गेली, थबकली, आणि ठक् करून अंगणात उतरली. पद्मजा तिच्यामागे गेली.

तिच्यामागे मी. बाहेर मल्लिनाथ मोटारसायकल घेऊन उभा होता. बॅगेत आता चादर, पुस्तकं, धपाट्यांचा डबा, सगळंच. माझी पाठ चांगली नाही. सवयीने मी बॅगेचा दांडा ओढून चाकं फरशीवर टेकवली आणि दारापर्यंत आलो.

अंबूबाई स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभ्या होत्या. हातात ओला फडका होता.

मी थांबलो. बॅग दोन्ही हातांनी धरली, उचलली आणि उंबऱ्यावरून पलीकडे नेली. पाठीत कळ आली, ती चिपळूणपर्यंत गेली नाही.

मागे वळून पाहिलं. अंबूबाई पुढे येऊन वाकल्या होत्या. त्यांनी उंबरा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट पाहिला आणि फडका न लावताच आत घेऊन गेल्या.